कुरणांचा आकाशांतून घेतलेला हिशेब
(नभोवाणीवरील भाषण)

इसवी सन १९७२ चा जुलै महिना. आमच्या माणदेशांत त्या वर्षीं मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, आणि पुढचें नक्षत्रहि तसेंच गेलें. मी तेव्हां बारा वर्षांचा होतों. रोज सकाळीं वडील अंगणांत येऊन पश्चिमेकडे पाहात आणि कांहीं न बोलतां आंत जात. त्याच महिन्याच्या २३ तारखेस, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस, अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून एक अग्निबाण सुटला आणि त्यानें एक कृत्रिम उपग्रह सुमारें नऊशें किलोमीटर उंचीवर नेऊन सोडला. आमच्या गांवांत ही वार्ता कोणासहि नव्हती; आणि असती, तरी तिचा आमच्या दुष्काळाशीं कांहीं संबंध असेल असें कोणाच्या मनांत आलें नसतें.

पावसाळा तोंडावर आला कीं कोंकणांतून परतलेला एक धनगरांचा वाडा दरवर्षीं आमच्या माळावर उतरत असे. त्या वर्षींहि तो आला, पण दोनच दिवस राहिला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं वाड्यांतला म्हातारा माळभर हिंडला, एके ठिकाणीं खालीं बसला, कुसळीचें एक बूड उपटून त्यानें मुळें बोटांनीं चुरून पाहिलीं, आणि उठून माणसांना निघण्याची खूण केली. वडिलांनीं विचारलें, “आबा, एवढ्यांत निघालांत?” म्हातारा म्हणाला, “अण्णा, ह्या माळांत आतां कांहीं न्हाई. मुळं बी वाळल्याती. आज पाऊस पडला तरी म्हैनाभर मेंढराला तोंड लावाया मिळायचं न्हाई.” एवढें बोलून तो गेला.

कोणत्या माळावर किती चारा आहे, तो किती दिवस पुरेल, आणि आतां कोठें जावें, हे प्रश्न त्या म्हाताऱ्यानें मुळें चुरून सोडविले. नेमके हेच प्रश्न आकाशांत गेलेल्या त्या उपग्रहासहि पुढें विचारण्यांत आले. त्यानें काय उत्तरें दिलीं, त्यांतलीं कोणतीं खरीं ठरलीं आणि कोणतीं आपण चुकीचीं वाचलीं, ही गेल्या पन्नास वर्षांची हकीकत आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

कोरड्या मुलुखांतील कुरण म्हणजे काय, हें आधीं पाहूं. पृथ्वीवरील जमिनीचा सुमारें दोन-पंचमांश भाग अवर्षणप्रवण किंवा शुष्क आहे. तेथें शेती बेभरंवशाची, म्हणून गवतावर गुरें-मेंढरें पोसणें हाच कोट्यवधि लोकांचा चरितार्थ. परंतु तेथील पाऊस केवळ थोडाच असतो असें नाहीं, तो लहरीहि असतो. एका शिवारांत सर पडते आणि दोन कोसांवर धूळ उडत असते. एका वर्षीं गवत कमरेएवढें वाढतें, तर दुसऱ्या वर्षीं बोटभरहि उगवत नाहीं. अशा ठिकाणीं गवताची मोजदाद करणें हें सरकारी अंमलदारांस फार कठीण जाई. त्यांची पद्धति अशी कीं, माळावर एक चौरस मीटर जागा आंखावी, तेथील गवत कापावें, वाळवावें, तोलावें, आणि त्यावरून साऱ्या मुलुखाचा अंदाज बांधावा. मोजमाप अचूक, पण मुलुख हजारों चौरस किलोमीटरांचा! सगळीकडील गवत कापून होईपर्यंत ऋतु संपून जाई.

आतां त्या उपग्रहाकडे वळूं. त्याचें मूळ नांव ‘अर्थ रिसोर्सेस टेक्नॉलॉजी सॅटेलाइट’ असें होतें; १९७५ सालीं तें बदलून ‘लँडसॅट’ असें ठेवण्यांत आलें. तो दिवसांतून चौदा वेळां पृथ्वीस प्रदक्षिणा घाली आणि दर अठरा दिवसांनीं पुन्हां त्याच स्थळावर येई. त्याचें एक चित्र १८५ किलोमीटर लांबीचा व तितक्याच रुंदीचा मुलुख व्यापी, आणि त्या चित्रांतील लहानांत लहान ठिपका म्हणजे सुमारें ८० मीटर लांब-रुंद जमिनीचा तुकडा असे. त्यांत दोन यंत्रें होतीं. मुख्य मानलेलें यंत्र विजेच्या दोषामुळें कांहीं आठवड्यांतच बंद ठेवावें लागलें. दुय्यम मानलेलें, व्हर्जिनिया नॉरवुड ह्या विदुषीच्या नेतृत्वाखालीं रचलेलें यंत्र मात्र उत्तम चाललें, आणि पुढील सारा इतिहास त्यानेंच घडविला. हें यंत्र जमिनीवरून परावर्तित होणारा प्रकाश चार पट्ट्यांत विभागून मोजी: एक हिरवा, एक तांबडा, आणि दोन अवरक्त, म्हणजे तांबड्याच्याहि पलीकडचे, मानवी डोळ्यास न दिसणारे.

न दिसणारा प्रकाश मोजून गवत कसें कळावें, असा प्रश्न आपल्या मनांत येईल. हिरव्या पानांतील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेतें, कारण त्यावरच तें आपलें अन्न तयार करतें. उलट, पानाच्या आंतील पेशींची रचना अशी असते कीं अवरक्त प्रकाश त्यांत न शोषला जातां विखरून परत फिरतो. म्हणून जिवंत पान तांबड्या प्रकाशांत काळवंडलेलें आणि अवरक्त प्रकाशांत लख्ख दिसतें. उघडी माती व वाळलेलें गवत ह्यांत हा फरक फारसा नसतो. समजा, एका हिरव्या कुरणानें अवरक्ताचे शंभरांतले ५० भाग परत पाठविले आणि तांबड्याचे ५. दोहोंच्या वजाबाकीस दोहोंच्या बेरजेनें भागलें, तर ५५ पैकीं ४५, म्हणजे सुमारें ०.८ हा आकडा येतो. उघड्या मातीनें अवरक्ताचे ३० आणि तांबड्याचे २५ भाग परत पाठविले, तर ५५ पैकीं ५, म्हणजे ०.१ च्याहि आंतच आकडा येतो. आकडा जितका एकाजवळ, तितकी हिरवळ दाट. शाळेंतील चौथीच्या मुलास येणारी ही बेरीज-वजाबाकी. पण साऱ्या जगांतील कुरणांचा हिशेब आज हिच्यावर चालतो.

ही रीत कुरणांच्या अभ्यासांतूनच जन्मास आली, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. अमेरिकेंतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठांत जॉन राउज ह्यांच्या नेतृत्वाखालीं हास, शेल आणि डीअरिंग ह्या मंडळींनीं टेक्सासपासून उत्तर डकोटापर्यंत पसरलेल्या गवताळ मैदानांचें निरीक्षण हातीं घेतलें होतें. वसंतऋतूंत हिरवळीची एक लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. ती उपग्रहावरून मोजावी असा त्यांचा हेतु होता. अडचण अशी आली कीं, दक्षिणेंत सूर्य उंच आणि उत्तरेंत कलता. त्यामुळें सारखेंच गवत दोन ठिकाणीं निराळें उजळे. नुसती वजाबाकी केली तर फसगत होई. बेरजेनें भागल्यावर मात्र उजेडाचा हा फरक बराचसा निघून जातो, असें त्यांस आढळलें. १९७३-७४ च्या सुमारास त्यांनीं ही रीत प्रसिद्ध केली.

इकडे आफ्रिकेंत त्याच वेळीं हाहाकार चालला होता. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेस पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत साहेल नांवाचा एक गवताळ पट्टा आहे. १९६८ पासून १९७३ पर्यंत तेथें पावसानें पाठ फिरविली. फुलानी, तुआरेग आदि पशुपालांचीं लक्षावधि जनावरें मेलीं आणि माणसें शहरांच्या कडेला छावण्यांत येऊन पडलीं. ह्या आपत्तीचें कारण काय, ह्याचा शोध सुरू झाला, आणि तेथें उपग्रहाच्या एका चित्रानें मोठी खळबळ उडविली.

नॉर्मन मॅकलिओड नांवाचे अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ नायजर देशाचें उपग्रह-चित्र पाहात असतां, सभोंवतालच्या भकास मुलुखाच्या मधोमध त्यांस सरळ कडांची एक गडद आकृति दिसली. निसर्ग सरळ रेघा ओढीत नाहीं. तेव्हां ती काय आहे हें पाहण्यास ते जातीनें तेथें गेले. तें एक्राफान नांवाचें सुमारें अडीच लाख एकरांचें पशुपालन-क्षेत्र निघालें. त्यास कांटेरी तारेचें कुंपण होतें, आंत पांच भाग पाडलेले होते, आणि दरवर्षीं त्यांतील एकाच भागांत जनावरें सोडीत. हें कुंपण दुष्काळ सुरू झाला त्याच सुमारास घातलेलें होतें. कुंपणाच्या आंत गवत, बाहेर वाळू; पाऊस मात्र दोहींकडे सारखाच. जवळजवळ त्याच काळीं इस्रायली शास्त्रज्ञ ऑटरमन ह्यांनीं सिनाई व नेगेव ह्यांच्या सीमेवर असाच देखावा दाखविला: एका बाजूस चराईनें उघडी पडलेली पांढुरकी जमीन, दुसऱ्या बाजूस झुडुपांनीं झांकलेली गडद जमीन, आणि मधें राजकीय सीमेची रेघ, आकाशांतूनहि स्पष्ट दिसणारी.

श्रोतेहो, ह्या चित्रांतून जो निष्कर्ष त्या वेळीं निघाला तो आपण सहज ओळखाल. दोष आभाळाचा नसून पशुपालाचा आहे, असें लोक म्हणूं लागले. तो जनावरें फार ठेवतो, एके जागीं राहात नाहीं, सामायिक जमीन ओरबाडून खातो. त्यावर उपाय म्हणजे कुंपण घाला, जमिनी वांटून द्या, भटक्यांना स्थायिक करा. त्यांतच १९७५ सालीं ह्यू लॅम्प्री ह्यांनीं सुदानची पाहणी करून सांगितलें कीं, १९५८ सालच्या नकाशाशीं ताडून पाहतां वाळवंटाची कड सतरा वर्षांत ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेस सरकली आहे. म्हणजे वर्षाला पांच-सहा किलोमीटर! चाल करून येणाऱ्या सैन्यासारखें हें वाळवंट लोकांच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. १९७७ सालीं नैरोबी येथें संयुक्त राष्ट्रांची वाळवंटीकरणावर परिषद भरली, तेव्हां हीच कल्पना सर्वत्र प्रचलित होती.

ह्या तर्कांत एक मोठी उणीव होती. एक चित्र म्हणजे एक दिवस, आणि दोन चित्रें म्हणजे दोन दिवस. १९५० नंतरचीं वर्षें साहेलांत चांगल्या पावसाचीं होतीं. १९७५ ची पाहणी भयंकर दुष्काळाच्या पाठोपाठ झालेली. सुगीच्या वर्षीं काढलेल्या नकाशाशीं दुष्काळांतली जमीन ताडून पाहिली, तर वाळवंट पुढें सरकलेलें दिसणारच. पैलवानास निरोगी असतां एकदां तोलावें, मग तापांतून उठल्यावर तोलावें, आणि हा दरमहा दहा शेर घटतो असा सिद्धान्त मांडावा, त्यांतलाच हा प्रकार. खरें काय तें कळण्यासाठीं दरवर्षींचा, किंबहुना दर आठवड्याचा हिशेब हवा होता. लँडसॅट अठरा दिवसांनीं येई; साहेलांत गवताचा हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा, आणि त्यांतहि ढग आड येत. वर्षाकाठीं एखाद-दुसरें स्वच्छ चित्र हातीं लागलें तर नशीब.

ह्यांतून वाट निघाली ती एका निराळ्याच बाजूनें. हवामान पाहण्यासाठीं अमेरिकेनें सोडलेले ‘नोआ’ मालिकेचे उपग्रह रोज साऱ्या पृथ्वीवरून फिरत. त्यांचा ठिपका ढोबळ, एका किलोमीटराहून थोडा मोठा. पण त्यांत तांबडी व अवरक्त अशा दोन्ही पट्ट्या मोजण्याची सोय होती. नासाच्या गोडार्ड केंद्रांतील कॉम्प्टन टकर ह्यांनीं पूर्वी कोलोराडोच्या गवताळ माळावर गवत कापून, तोलून व प्रकाश मोजून ह्या विषयाचा पाया घातलेला होता. त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ढोबळ चित्र रोज मिळालें, तर आठ-दहा दिवसांतील ढगाळ ठिपके टाकून स्वच्छ तेवढे निवडतां येतात, आणि साऱ्या हंगामाची हिरवळ जोडून तिची बेरीज करतां येते.

ह्या रीतीची पहिली मोठी कसोटी सेनेगल देशांतील फेर्लो ह्या फुलानी पशुपालांच्या मुलुखांत झाली. १९८० पासून १९८४ पर्यंत माणसें खालीं चौकटी आंखून गवत कापून तोलीत होतीं, आणि वरून उपग्रह आपले आकडे देत होता. दोन्ही हिशेब ताडून पाहतां ते एकमेकांशीं चांगले जुळले. फेर्लोंतील गवताचें वजन आकाशांतून सांगतां येऊं लागलें. पुढें डाकार येथें ह्या कामासाठीं कायमचें केंद्र स्थापन झालें, आणि पावसाळा सरतांच माळावर जाऊन गवत कापण्याचा व त्यावरून उपग्रहाचा आकडा पारखून घेण्याचा प्रघात तेथें पडला. ही पारख महत्त्वाची आहे. जमिनीवर तोललेल्या गवताशीं ताडून पाहिल्याखेरीज उपग्रहाचा आकडा नुसता आकडाच राहतो.

१९९१ सालीं टकर, ड्रेग्ने व न्यूकम ह्यांनीं दहा वर्षांचा हिशेब एकत्र करून ‘सायन्स’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. सहाराचें क्षेत्र १९८० सालीं ८६ लक्ष ३३ हजार चौरस किलोमीटर होतें. १९८४ च्या दुष्काळांत तें ९९ लक्ष ८२ हजारांवर गेलें. लॅम्प्रींचेंच म्हणणें खरें ठरलें असें येथवर वाटेल. पण पुढच्या एकाच वर्षांत, १९८५ सालीं पाऊस पडतांच, वाळवंटाची दक्षिण कड ११० किलोमीटर उत्तरेस मागें हटली आणि ७ लक्ष २४ हजार चौरस किलोमीटर मुलुख पुन्हां गवताखालीं आला! चाल करून येणारें सैन्य असें एका पावसांत माघार घेत नाहीं. वाळवंटाची कड ही पावसाबरोबर पुढें-मागें होणारी, भरती-ओहोटीसारखी गोष्ट आहे, हें ह्या आकड्यांनीं दाखवून दिलें. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या उल्फ हेल्डेन ह्यांनींहि सुदानांत उपग्रह-चित्रें व प्रत्यक्ष पाहणी ह्यांच्या आधारें वाळवंटाच्या अखंड आगेकुचीची कल्पना नाकारली होती.

म्हणजे ज्या साधनानें पशुपालावर आरोप ठेवला, त्याच साधनानें पुढें त्या आरोपाचा बराचसा भाग काढून घेतला. ह्याच सुमारास, १९८८ सालीं, एलिस व स्विफ्ट ह्या दोघां अभ्यासकांनीं केनियांतील तुर्काना पशुपालांविषयीं लिहिलें कीं, जेथें पाऊस इतका लहरी आहे तेथें अमुक एकरास अमुक जनावरें असें कायमचें गणित बसत नाहीं. तेथें टिकाव धरण्याचा मार्ग म्हणजे हालचाल, गवत असेल तेथें वेळेवर जाणें. मग एक्राफानच्या कुंपणाचा अर्थहि निराळा लागतो. आंतलें गवत वांचलें हें खरें. पण तें बाहेरच्यांना आंत येऊं दिलें नाहीं म्हणून वांचलें. ज्यांना आंत मज्जाव होता, त्यांचीं जनावरें उरलेल्या माळावर दाटीनें चरलीं असतील, आणि बाहेरील वाळूंत त्या दाटीचाहि वाटा असेल. चित्रांत कुंपणाची रेघ दिसली, पण तिच्यामुळें कोणाची वाट अडली तें दिसलें नाहीं. अतिचराईनें जमीन खराब होतच नाहीं असा ह्याचा अर्थ कोणी करूं नये. विहिरीभोंवतीं, गांवालगत, जेथें कळप बारमाही एके जागीं राहतात तेथें ती खराब होतेच, आणि तेंहि उपग्रहास दिसतें.

हें ज्ञान पशुपालाच्या उपयोगीं कसें पडलें, तें आतां सांगतों. केनियाच्या उत्तरेस मार्साबित म्हणून कोरडा प्रदेश आहे. तेथें जानेवारी २०१० मध्यें जनावरांच्या विम्याची एक नवी योजना सुरू झाली. कोणाचीं किती जनावरें मेलीं हें दारोदार फिरून मोजणें तेथें अशक्यच. म्हणून असें ठरविलें कीं, उपग्रहाच्या हिशेबांत त्या भागाची हिरवळ ठराविक मर्यादेखालीं गेली कीं विमा उतरविलेल्या सर्वांस पैसे मिळावे. पुढच्याच वर्षीं पूर्व आफ्रिकेंत मोठा दुष्काळ पडला आणि ऑक्टोबर २०११ मध्यें पहिली भरपाई वांटली गेली. अनुभवानें पुढें योजनेंत सुधारणा झाली: जनावर मेल्यावर दुसरें घेण्यास पैसे देण्याऐवजीं, तें जिवंत असतांच चारा-पाण्यासाठीं पैसे द्यावे. २०१५ पासून केनिया सरकारनेंहि अशी योजना स्वतः हातीं घेतली. मालींत २०१७ मध्यें ‘गरबाल’ नांवाची सेवा निघाली. पशुपाल दूरध्वनि करून विचारतो, आणि अमुक दिशेस चारा कसा आहे, पाणी आहे कीं नाहीं, हें त्यास उपग्रहाच्या व स्थानिक माणसांच्या माहितीवरून सांगतात. ह्या योजना निर्दोष नाहींत. विम्याचा आकडा साऱ्या भागाच्या सरासरीचा असतो. एखाद्याचा माळ करपला आणि शेजारचा हिरवा राहिला, तर त्यास कांहीं मिळत नाहीं. तरीपण येथें उपग्रह त्याच्या पदरीं कामास लागला आहे, एवढें खरें.

आपल्या देशांत काय झालें? १९७० सालीं डॉ. पिशरोटी ह्यांनीं केरळांत हेलिकॉप्टरमधून अवरक्त चित्रें घेऊन नारळाच्या झाडांवरील रोग ओळखण्याचा प्रयोग केला. भारतांतील दूरसंवेदनाचा आरंभ तेथून धरतात. १९७४ सालीं हैदराबादेस ह्या कामासाठीं राष्ट्रीय संस्था निघाली, आणि १७ मार्च १९८८ रोजीं आपला स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह रशियन अग्निबाणाच्या साह्यानें आकाशांत गेला. ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याच काळांत उपग्रहाच्या साह्यानें देशांतील पडीक जमिनींची मोजणी सुरू झाली आणि २००० सालीं तिचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यांत ६ कोटि ३८ लक्ष हेक्टर जमीन, म्हणजे देशाच्या क्षेत्राचा पांचवा भाग, पडीक ठरली.

येथें मला थोडें थांबावेंसें वाटतें. त्या पडीक जमिनींच्या वर्गांत झुडुपी माळ होते, बिनझुडुपी माळ होते, आणि ऱ्हास पावलेलीं गुरचरणेंहि होतीं. उपग्रहानें पाहिलें तें खरेंच पाहिलें: येथें पीक नाहीं, दाट अरण्य नाहीं. परंतु ‘पडीक’ हा शब्द उपग्रहाचा नव्हे. तो आपला आहे, आणि महसुली दप्तरांत तो इंग्रजी अमलापासून चालत आलेला आहे. ज्या जमिनीचा सारा येत नाहीं ती पडीक. आमच्या दख्खनच्या पठारावरील पवन्या, मारवेल आणि कुसळी ह्यांचे माळ वर्षांतून आठ महिने पिवळे दिसतात, हा त्यांचा स्वभाव आहे, रोग नव्हे. त्या माळांवर दख्खनी मेंढी जगली. तिच्या लोंकरीचीं घोंगडीं आपण पांघरलीं. तिचे कळप शेतांत बसवून शेतकऱ्यांनीं खत मिळविलें. धनगराच्या हिशेबीं ती जमीन कधींच पडीक नव्हती.

उलट बाजूहि पाहा. कच्छांतील बन्नी हा सुमारें अडीच हजार चौरस किलोमीटरांचा प्रसिद्ध गवताळ मुलुख. मालधारी लोकांच्या म्हशी तेथें पिढ्यान्पिढ्या चरत आल्या आहेत. खारट वाळवंट पुढें सरकूं नये म्हणून १९६१ च्या सुमारास तेथें विलायती बाभूळ लावण्यांत आली. ती अशी पसरली कीं तेथील लोक तिला ‘गांडो बावळ’, म्हणजे वेडी बाभूळ, म्हणतात. उपग्रहाच्या नुसत्या हिरवळीच्या आकड्यानें पाहिलें, तर बाभळीनें व्यापलेला भाग बाराहि महिने हिरवा, म्हणजे उत्तम दिसेल. पण हिरवें तेवढें सारें चारा नसतें. ऋतूंप्रमाणें पिवळें-हिरवें होणारें गवत आणि सदा हिरवी बाभूळ ह्यांतला भेद, वर्षभरांतील अनेक चित्रें लागोपाठ ताडून पाहिलीं म्हणजे कळतो; आणि ह्याच रीतीनें पुढें अभ्यासकांनीं बन्नींतील बाभळीचा फैलाव नकाशावर आणला.

आज साधनांची वाण राहिलेली नाहीं. २००८ सालापासून लँडसॅटचीं जुनीं-नवीं सारीं चित्रें कोणासहि विनामूल्य मिळूं लागलीं. युरोपानें २०१५ व २०१७ सालीं सोडलेल्या उपग्रहांच्या जोडीमुळें दहा मीटरांचा ठिपका दर पांच दिवसांनीं पाहण्याची सोय झाली. २०२० सालीं तर पश्चिम आफ्रिकेच्या १३ लक्ष चौरस किलोमीटर कोरड्या मुलुखांतील झाडें एकेक करून मोजण्यांत आलीं. तीं १८० कोटींहून अधिक भरलीं. ज्या मुलुखास आपण उजाड समजत होतों तेथें इतकीं झाडें आहेत, हें आधीं कोणास ठाऊक नव्हतें.

आतां माझ्या गांवाकडे परत येतों. तो १९७२ सालीं गेलेला वाडा पुन्हां आमच्या माळावर उतरला नाहीं. त्या दुष्काळांत त्यांचीं मेंढरें किती उरलीं हें आम्हांस कळलें नाहीं. पुढें मी शिक्षक झालों, चौतीस वर्षें नोकरी केली, आणि निवृत्त होऊन गांवीं गेलों, तेव्हां माळावर समांतर चर खणलेले आणि गिरिपुष्पाचीं झाडें लावलेलीं आढळलीं. एका खात्यानें तो माळ पडीक धरून हिरवा केला होता, आणि मेंढरें सोडण्यास मनाई केली होती. मीं चौकशी केली, तेव्हां एका तरुण अधिकाऱ्यानें मोठ्या सौजन्यानें मला पडद्यावर दोन चित्रें दाखविलीं: पूर्वीचा पिवळा माळ आणि आतांचा हिरवा. तो म्हणाला, “गुरुजी, केवढी प्रगति झाली पाहा!” त्याच्या बोलण्यांत खोटें कांहीं नव्हतें. चित्रें खरीं होतीं आणि आकडाहि खरा होता. मीं त्यास इतकेंच विचारलें कीं, ह्या हिरव्यापैकीं मेंढी काय खाते? तो जरा विचारांत पडला आणि म्हणाला, “हा रकाना आमच्याकडे नाहीं.”

श्रोतेहो, तो रकाना घालणें अवघड नाहीं. चाऱ्याचें गवत कोणतें, तें कोणत्या महिन्यांत कोंवळें असतें आणि कुसळें धरल्यावर मेंढराच्या तोंडाला कसें बोंचतें, कोणता माळ कोणत्या ऋतूंत मोकळा ठेवावा, हें सांगणारीं माणसें अद्याप आपल्या रस्त्यांवरून कळप घेऊन जातात. दिवाळीनंतर घाट उतरतांना आपण त्यांस पाहतों आणि मोटारीचा कर्णा वाजवितों. फेर्लोंत जशीं माणसें गवत कापून उपग्रहाचा आकडा पारखीत, तशी आपल्याकडेहि ही पारख धनगराला बरोबर घेऊन झाली पाहिजे, आणि तीहि जमिनीवर ‘पडीक’ हा शिक्का मारण्याच्या आधीं झाली पाहिजे. त्या तरुण अधिकाऱ्यानें मला पुन्हां बोलाविलें आहे. ह्या खेपेस मी एकटा जाणार नाहीं. आमच्या तालुक्यांतील दोन मेंढपाळांस बरोबर नेणार आहें. त्यांतून काय निष्पन्न होतें तें पाहूं.